मार्चमधल्या हिमालयासाठी ठाण्यातून भाड्याने घेतलेलं सामान, सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, लांब लिहिणार आहे. मी स्वतः सामान घ्यायच्या आधी असा रिव्ह्यू शोधत होते आणि सगळीकडे "छान दुकान", "गुड सर्व्हिस" एवढंच सापडलं, त्यात काय घ्यायचं, काय नाही, मार्चमध्ये नक्की काय लागतं याबद्दल कोणी अक्षर लिहिलेलं नव्हतं. आम्ही तिघं गेलो होतो, मी, माझी नणंद आणि माझा लेक. त्याची दहावी १७ मार्च २०२५ ला संपली आणि २१ तारखेला आम्ही निघालो, २८ ला परत, म्हणजे पाडव्याच्या आधी घरी. ट्रेक होता देवरियाताल-चोपता-चंद्रशिला, उत्तराखंडमधला, गढवालचा भाग. दुकान नौपाड्यातलं, जुन्या बिल्डिंगचा तळमजला, पुढे विकायचं सामान आणि मागे भाड्याचं.

आता त्या वेळी डोक्यात काय गोंधळ होता ते सांगते, कारण त्याशिवाय या दुकानाने काय केलं ते कळणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे ठाणे-मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता, आठवत असेल. फेब्रुवारीत! पंखा पाचवर ठेवूनही घोडबंदरला आमच्या पश्चिमेच्या खोलीत झोप लागत नव्हती. नंतर हवामान खात्याने सांगितलं की तो देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी होता. आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, बद्रीनाथजवळ माणा गावापाशी हिमस्खलन झालं, रस्त्याचं काम करणारे ५४ कामगार अडकले आणि त्यातले ८ गेले. घरात टीव्ही चालू होता, सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, पोराला घेऊन तिकडे जायचं नाही. एकीकडे उकाडा रेकॉर्ड मोडतोय आणि दुसरीकडे एवढा बर्फ की माणसं गाडली जातायत, मग बॅगेत भरायचं काय? सुती कपडे की जाड जॅकेट?

ट्रेकवाल्या ग्रुपने (नाव लिहीत नाही) एक पीडीएफ पाठवली होती. दोन थर्मलचे जोड, जाड डाउन (म्हणजे पिसांचं) जॅकेट, लोकरी हातमोजे दोन, बालाक्लावा (डोकं-मान झाकणारी टोपी), उणे पंधराची स्लीपिंग बॅग, वगैरे वगैरे. ती यादी घेऊन ११ मार्चला संध्याकाळी मी दुकानात गेले. काउंटरवर काका होते, साठीच्या आसपासचे असतील. त्यांनी यादी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, तारीख काय?" मी सांगितली. "कुठल्या गावातून चढणार? चढ कुठल्या बाजूचा? तंबूत किती रात्री, खोलीत किती? शिखराला किती वाजता निघणार?" मला यातलं अर्धं माहीतच नव्हतं, मी तिथूनच ग्रुपला फोन लावला आणि विचारलं. मग ते म्हणाले, "ही यादी डिसेंबरची आहे. ती तुम्हाला मार्चमध्ये दिलीय. ही घेऊन गेलात तर दिवसा घामाने भिजाल आणि संध्याकाळी त्याच ओल्या कपड्यात गारठाल."

आणि त्यांनी माझ्या यादीतल्या तीनपैकी दोन जाड जॅकेटं स्वतः खोडली. भाड्याचा धंदा आहे त्यांचा, आठ दिवसांचं भाडं मिळत होतं, तरी खोडली. माझ्या पाच स्टारमधले निम्मे इथेच आहेत.

त्यांनी जे समजावलं ते मी नंतर तिथे रोज अनुभवलं म्हणून लिहिते. उंची वाढली की हवा थंड होते हे आपण शाळेत शिकलोय, साधारण १००० मीटरला साडेसहा अंश. ऋषिकेश खाली, साडेतीनशे-चारशे मीटरवर, आणि चंद्रशिला ३७०० च्या आसपास. म्हणजे खाली ३२ असेल तर वर १०-११ यायला हवं. पण ते सावलीतल्या हवेचं झालं. मार्च संपत आला की सूर्य चांगला वर आलेला असतो, आभाळ निरभ्र असेल तर अंगावर पडणारं ऊन वेगळंच, आणि शिवाय बर्फावरून उलटून येणारं वेगळं. म्हणून तीन हजार मीटरवर टी-शर्टमध्ये घाम, आणि ढगाने सूर्य झाकला की पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. सकाळी एक ऋतू, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. त्याला एक जाड जॅकेट हे उत्तर नाही, कारण ते एकतर अंगात असतं नाहीतर पाठीवर ओझं असतं. उत्तर म्हणजे पातळ पातळ थर, जे चालता चालता काढता-घालता येतात.

तर त्यांनी दिलं असं. आत घाम सुकवणारा फुल बाह्यांचा टी-शर्ट (आमच्याकडे होते, विकत घ्यायला लावले नाहीत, फक्त सुती नको म्हणाले), वर पातळ फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं), त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जाड जॅकेट तिघांत एकच, तेही पिसांचं नाही, सिंथेटिक भरावाचं. मी विचारलं पिसांचं का नको, ते हलकं असतं ना? म्हणाले डिसेंबरमध्ये कोरडा बर्फ पडतो, झटकला की पडून जातो. मार्चमध्ये ओला पडतो, गारा पडतात, आणि पिसं भिजली की गोळा होऊन बसतात, मग त्यात ऊब राहत नाही. सिंथेटिक भिजलं तरी थोडीफार ऊब धरतं. हे मला पटलं, आणि तिसऱ्या दिवशी तर पुरतंच पटलं, ते खाली येतं.

स्लीपिंग बॅगचं एक सगळ्यांनी वाचा. बॅगवर जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो नेहमी आरामाचा नसतो. लेबलवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीम म्हणजे कसाबसा जीव वाचेल एवढं, झोप लागेल असं नाही. पीडीएफमधलं उणे पंधरा नक्की कुठलं ते त्या ग्रुपलाही सांगता आलं नाही. काकांनी आम्हाला उणे पाच कम्फर्टवाल्या दिल्या, आतलं अस्तर वेगळं निघणारं, आणि म्हणाले गरम झालं तर चेन उघडून पांघरा. देवरियातालच्या अलीकडे तंबूत आम्ही तसंच केलं, रात्री दहाला चेन उघडी आणि पहाटे तीनला तिघंही मानेपर्यंत बंद.

आता प्रवास. डेहराडूनला उतरलो तेव्हा वाटलं ठाण्यातच आहोत, फक्त दमटपणा नाही. देवप्रयागला भागीरथी-अलकनंदेच्या संगमावर थांबलो, खाली उतरून वर येईपर्यंत नणंदेचा दुपट्टा घामाने ओला. श्रीनगर (गढवालचं, काश्मीरचं नव्हे) हे बशीसारख्या खोऱ्यात आहे, तिथे तर दुपारी ड्रायव्हरने काचा वर करून एसी लावला. मार्चमध्ये, पहाडात. तो म्हणाला जानेवारी जवळजवळ कोरडाच गेला, आणि मग फेब्रुवारीच्या शेवटी एकदम आलं. हिवाळ्यात तिकडे पाऊस-बर्फ आणतात ते पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, ते डिसेंबर-जानेवारीत वेळेवर आले तर बर्फ थराथराने बसतो, घट्ट होतो, उन्हाळाभर झरे वाहतात. उशिरा आले तर बर्फ पडतो खरा पण ओला, जड, आणि वर लगेच मार्चचं ऊन, टिकत नाही. जमीन उघडी पडली की ती ऊन पिते आणि अजून तापते. ड्रायव्हर काही हवामानशास्त्रज्ञ नव्हता पण त्याच्या गावच्या झऱ्याचं पाणी दोन महिने आधीच बारीक झालंय हे तो ज्या काळजीने सांगत होता ते ऐकून मला आपले शहापूरचे पाडे आठवले, धरणं उशाला आणि मार्च-एप्रिलपासून टँकर.

सारी गावात मुक्काम. साधारण २००० मीटर. गावात बुरांश फुललेला, लालभडक, झाडंच्या झाडं. आपला पळस डोळ्यासमोर आणा आणि त्याहून गच्च करा. बुरांश हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष, त्याचं सरबत करतात, आम्ही रोज प्यायलो. लॉजवाल्या दीदींना मी म्हटलं किती सुंदर फुललाय, तर त्या म्हणाल्या, गावाजवळचा यंदा लवकर फुलून गळायलाही लागला, तुम्हाला दिसतोय तो वरचा उरलेला. तिकडे चैत्र संक्रांतीला, १४-१५ मार्चला, फूलदेई असते, लहान मुलं पहाटे फुलं गोळा करून प्रत्येकाच्या उंबऱ्यावर ठेवतात, घरात भरभराट होवो म्हणून. त्यात बुरांश आणि फ्योंली लागते, फ्योंली म्हणजे पिवळं छोटं फूल. दीदी सांगत होत्या की आता कधी कधी फूलदेई येईपर्यंत अंगणाजवळची फुलं संपलेली असतात, मुलांना वर जंगलात चढून आणावी लागतात. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. आपल्या पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पालवीच नसेल तर कसं वाटेल, तसं.

बरं, सामानाकडे येते.

देवरियातालला पहिल्या दिवशी चढ, दोन-अडीच तास, बर्फाचा पत्ता नाही, धूळ. लेकाने विचारलं आपण हे मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली चढवायचे खिळे) कशाला आणले? तळ्यात चौखंबा उलटा दिसतो, ७१३८ मीटरचा डोंगर पाण्यात, ते बघताना आम्ही टी-शर्टवर होतो. पण दुसऱ्या दिवशी रोहिणी बुग्यालच्या (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) बाजूने जंगलातून गेलो तेव्हा उत्तरेकडच्या उतारावर, सावलीत, गुडघ्याएवढा बर्फ. त्याच डोंगराची दक्षिणेकडची बाजू पूर्ण कोरडी. एकाच तासात धूळ आणि बर्फ दोन्ही. काकांनी "चढ कुठल्या बाजूचा" का विचारलं होतं ते तिथे कळलं.

गेटर्सबद्दल मी साशंक होते, गुडघ्यापर्यंत बांधायचं ते कापड, ते घेऊ नये असं मला वाटत होतं, दिवसाला तीसच रुपये पण उगाच कशाला. काकांनी आग्रह केला. डिसेंबरला एकवेळ नसले तरी चालतील, मार्चला हवेतच, असं त्यांचं म्हणणं. कारण दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, पाय आत जातो आणि बूट वरून भरतो. ग्रुपमधल्या दोघांकडे गेटर्स नव्हते, त्यांचे मोजे पहिल्याच दुपारी पिळून काढावे लागले आणि रात्री वाळलेच नाहीत. आमचे तिघांचे पाय शेवटपर्यंत कोरडे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना परत जाऊन धन्यवाद दिले.

तिसऱ्या दिवशी, चोपत्याच्या अलीकडे, दुपारी दीडपर्यंत कडक ऊन होतं. मग खालच्या खोऱ्यातून ढग वर यायला लागले, म्हणजे अक्षरशः दिसतात वर सरकताना, खालची तापलेली हवा वर चढते आणि दुपारनंतर डोंगरावर ढग धरतात, गाईड दादा म्हणाला आता रोजचंच आहे हे. अडीचला गडगडाट आणि गारा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पंधरा-वीस मिनिटं. जॅकेटने काम चोख केलं, शिवणीतून पाणी आलं नाही. माझ्या अंगावर सिंथेटिक होतं, बाह्या ओल्या झाल्या पण आत ऊब होती. आमच्यातल्या एकीने स्वतःचं पिसांचं महागडं जॅकेट आणलं होतं, ते भिजून पापड झालं, संध्याकाळभर ती शेकोटीपाशी ते धरून बसली होती. मी तिला रात्री आमचा फ्लीस दिला.

शिखराच्या दिवशी रात्री दोनला निघालो. त्याचं कारण फक्त सूर्योदय नाही. रात्री आभाळ मोकळं असलं की बर्फ परत गोठतो, वर कडक पापुद्रा धरतो, त्यावर स्पाइक्स घालून करकर करत चालता येतं. नऊनंतर तोच बर्फ लापशी. तुंगनाथला पहाटे पोचलो, पंचकेदारातलं, म्हणजे शंकराच्या तिकडच्या पाच देवळांतलं, सगळ्यात उंचावरचं देऊळ, हिवाळ्यात बंद असतं, देव तेव्हा खाली मक्कूमठला असतात. बाहेरूनच हात जोडले. त्या वेळी अंगावर सगळे थर होते आणि तरी बोटं बधिर. चंद्रशिलेवर पाऊण तास थांबलो, काय दिसलं ते लिहायला बसले तर रिव्ह्यू राहूनच जाईल. उतरताना साडेनऊला फ्लीस बॅगेत, दहाला जॅकेट बॅगेत, अकराला चोपत्यात टी-शर्टवर चहा. एका सकाळीत चारही थर चढवून उतरवून झाले.

गॉगलचं. काकांनी भाड्याचे गॉगल दिले नाहीत, म्हणाले घासलेले असतात, स्वतःचे घ्या, यूव्ही ४०० आणि कॅटेगरी ३ किंवा त्याच्या वरचे, बाजूने झाकणारे. तिघांचे त्यांच्याकडूनच विकत घेतले. अतिनील किरणं दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, त्यामुळे नुसती टोपी घालून भागत नाही, ऊन खालूनही येतं. इथे मात्र दुकानाने एक गोष्ट सांगायला हवी होती ती सांगितली नाही. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांना लावायचं. आपण कपाळ-गाल लावतो आणि मोकळे होतो. नणंदेच्या नाकाखाली आणि हनुवटीखाली कातडी सोलून निघाली, परत आल्यावर आठवडाभर तिला चहा पितानाही झोंबत होतं. गॉगल विकताना हे एक वाक्य सांगा हो काका.

बाकीच्या तक्रारी पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यू अर्धा राहील. तीनपैकी एका स्लीपिंग बॅगची चेन मध्येच दात सोडत होती. घेताना आम्ही ती अर्धीच उघडून पाहिली ती आमची चूक, पण देताना पूर्ण उघडून दाखवायचं काम त्यांचंही आहे. पहाटे तीनच्या थंडीत, हेडलॅम्पच्या उजेडात, बधिर बोटांनी चेन बसवणं फार त्रासाचं होतं, तेही लेकाच्या बॅगची, त्यामुळे माझा जीव वरखाली. एका पोलची (चालताना टेकायच्या काठीची) खालची चकती नव्हती, आणि भुसभुशीत बर्फात चकती नसेल तर पोल मुठीपर्यंत आत जातो, म्हणजे नेमका जिथे पोल हवा तिथे तो निरुपयोगी. फोन दुपारी उचलत नाहीत, मी दोन दिवस लावत होते. आणि मागच्या भागात सामान ज्या रॅकवर आहे तिथे उजेड कमी, शिवण-चेन नीट दिसत नाही, मोबाईलचा टॉर्च लावून बघा.

परत करताना चेनचं सांगितलं तर काकांनी वाद घातला नाही, त्या बॅगचं भाडं परत दिलं. डिपॉझिट ५००० होतं, ते तिथल्या तिथे यूपीआयने पूर्ण परत. तिघांचं मिळून आठ दिवसांचं भाडं ३२०० च्या आत झालं, पीडीएफच्या यादीप्रमाणे घेतलं असतं तर दीडपट झालं असतं आणि ओझं दुप्पट.

एक गोष्ट मला वाटतं फारच थोड्या लोकांना माहीत असेल. काउंटरखाली एक जाड फुलस्केप वही आहे. सामान परत करायला येणाऱ्यांना काका त्यात लिहायला लावतात, कुठे गेला होता, कुठल्या तारखेला, बर्फ कुठून लागला, दिवसा काय घातलं, रात्री काय घातलं, काय वापरलंच नाही. हिमाचल, काश्मीर, गढवाल, सिक्कीम, सगळीकडच्या नोंदी आहेत, कोणी दोन ओळी, कोणी पानभर. मी अर्धा तास उभ्या उभ्या वाचत होते, लेक बाहेर वडापाव खाऊन आला तरी मी तिथेच. काही वर्षांपूर्वीच्या मार्च अखेरच्या एका नोंदीत चोपत्यातच तंबू बर्फावर लावल्याचं लिहिलंय, आम्ही तिथे धुळीत बसून चहा प्यायलो. दुसऱ्या एका वर्षी त्याच तारखांना आमच्यासारखंच कोरडं. काका स्वतः म्हणाले, एका वर्षावरून मी कोणाला सांगत नाही, पण आता मार्चचं काहीच नक्की धरत नाही, म्हणून तर आधी तारीख विचारतो आणि निघायच्या तीन दिवस आधी परत फोन करा म्हणतो. आम्ही तसा फोन केला होता (संध्याकाळी सातनंतर केला म्हणून उचलला), त्यांनी अंदाज बघून आमचा एक थर्मलचा जोड अजून कमी केला होता.

माझी एकच विनंती आहे त्यांना, भिंतीवर जी छापील यादी लावलीय ती काढा किंवा तिच्या शेजारी मार्च-एप्रिलची वेगळी लावा. ती भिंतीवरची यादी अजून डिसेंबरचीच आहे! तुम्ही काउंटरवर असता तेव्हा ठीक आहे, पण तुम्ही नसताना तो नवीन मुलगा भिंतीवरची यादी बघून सामान काढून देतो, माझ्यासमोर एका कॉलेजच्या ग्रुपला त्याने पाच जाड जॅकेटं दिली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यासाठी. मी त्या मुलांना वही दाखवली, त्यांनी तीन परत केली.

पत्ता शोधताना गल्लीत गाडी नेऊ नका, वळवायला जागा नाही, स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं. सोमवारी बंद. संध्याकाळी सात ते साडेआठ काका स्वतः असतात, त्याच वेळेत जा, तारीख आणि मार्ग पक्का करून जा, आणि वही मागा, ते आपणहून काढतातच असं नाही. माझी नोंद २९ मार्चची आहे, निळ्या शाईत, सगळ्यात खाली नणंदेने सनस्क्रीनचं लिहिलंय.